बंदूक दिली, पण परत जायची तारीख कोण देणार? महाराष्ट्राच्या ६७ खासदारांना खुलं पत्र

नमस्कार खासदार साहेब, खासदार ताई,

लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ असे तुम्ही ६७ जण. मी तुमच्यापैकी कोणाचीच कार्यकर्ती नाही, त्यामुळे पक्ष बघून वाचायचं की नाही ते ठरवू नका प्लीज. मी मूळची गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, आता नागपूरला असते, शाळेत शिकवते. पत्र लांब झालंय, चहा घेऊन बसा.

झालं असं की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी रोहिंग्यांच्या कॅम्पचा व्हिडिओ टाकला आणि त्याखाली माझ्या भाऊजींनी लिहिलं, एवढी धडधाकट पोरं नुसती बसून रेशन खातात, सहा महिने ट्रेनिंग द्या, हातात बंदूक द्या आणि सोडा परत, स्वतःच्या देशासाठी लढा म्हणावं. पाच मिनिटांत बारा अंगठे पडले. मामेभावाने लगेच युक्रेन आणलं मध्ये, बघा ते कसे लढतात म्हणून. खरं सांगते, मी पण अंगठाच टाकणार होते, कारण ऐकायला बरोबरच वाटतं ना ते, स्वतःचं घर गेलंय तर स्वतः लढून घ्या, यात चूक काय. मग मला स्वेटरवाले काका आठवले आणि मी फोन ठेवून दिला.

हा प्रयोग आपल्या देशाने करून झालाय हो. एकदा नाही, तीनदा. आणि त्यातला पहिला अजून चालूच आहे, साठ वर्षं होऊन गेली तरी.

आमच्या तालुक्यात इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे, प्रतापगडच्या यात्रेला गेला असाल तर रस्त्यात लागलं असेल. तिथं १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. कागदावर नाव नोर्ग्येलिंग, पण आमच्याकडं सगळे तिबेट कॅम्पच म्हणतात. उन्हाळ्यात ४५-४६ डिग्री तापणाऱ्या मुलखात बर्फातली माणसं आणून बसवली आणि ती धान लावायला शिकली. गोंपा म्हणजे त्यांचा मठ आहे, पताका आहेत, बाजूला आमच्यासारख्याच धानाच्या बांध्या. दिवाळीनंतर घरटी एकदोन माणसं स्वेटर विकायला बाहेर पडतात, माल लुधियानाचा, पण लोकांना वाटतं तिबेटहूनच आणला. आमच्या लहानपणी तिबेटी काकांकडून स्वेटर घेतला नाही तर थंडी सुरू झाली असं वाटायचंच नाही.

गंमत म्हणजे त्याच तालुक्यात अरुणनगरकडं बंगाली निर्वासितांची पण गावं आहेत, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची. म्हणजे निर्वासित म्हणजे काय ते आम्हाला टीव्हीवरून कळलेलं नाही, शाळेत बाकावर शेजारी बसून कळलंय.

तर हे माझे स्वेटरवाले काका, आता पंचाहत्तरीच्या आसपास असतील, तरुणपणी 'टू-टू' मध्ये होते. हे मला कळलं ते पण त्यांच्याकडून नाही, त्यांच्या मुलाकडून, तो माझ्या वर्गात होता. टू-टू म्हणजे एस्टॅब्लिशमेंट २२, अधिकृत नाव स्पेशल फ्रंटियर फोर्स.

तुम्हाला माहीत असेलच, पण तरी सांगते, कारण माझ्या स्टाफरूममध्ये इतिहासाच्या सरांनासुद्धा माहीत नव्हतं. मार्च १९५९ मध्ये तिबेटच्या ल्हासात चीनविरुद्ध उठाव झाला, दलाई लामा महिनाअखेरीला तवांगच्या बाजूने भारतात आले आणि मागोमाग हजारो लोक आले. त्यातले बरेच खाम प्रांतातले, घोड्यावर बसून बंदूक चालवणारे, 'चुशी गांगद्रुक' नावाची त्यांची स्वतःची लढाऊ संघटना १९५८ पासून होतीच. मग १९६२ चं युद्ध झालं. १४ नोव्हेंबरला, म्हणजे आपण हरत होतो तेव्हा, सरकारने ठरवलं की या तिबेटी तरुणांची एक गुप्त फौज उभी करायची, डोंगरात राहणारी माणसं आहेत, चीनच्या पाठीमागे उतरवता येतील. पुढच्या आठवडाभरात चीनने स्वतःच युद्ध थांबवलं. फौज मात्र उभी राहिली. डेहराडूनच्या वर चक्राता म्हणून गाव आहे, तिथं. सुजनसिंग उबान हे पहिले प्रमुख, दुसऱ्या महायुद्धात ते २२ माउंटन रेजिमेंटमध्ये होते म्हणून नाव एस्टॅब्लिशमेंट २२. विमानातून उडी मारायला शिकवलं, गनिमी काव्याने लढायला शिकवलं, सगळं शिकवलं. आणि सांगितलं, किंवा त्यांनी समजून घेतलं (यातलं कोणतं खरं हे आता कोणाला विचारणार), की एक दिवस हे तिबेटसाठी कामाला येईल.

इथं एक गोष्ट लिहिलीच पाहिजे नाहीतर काका माझ्यावर रागावतील. यांना कोणी पकडून नेलं नव्हतं. त्यांना लढायचं होतं. काकांच्या घरात त्यांचा तरुणपणीचा युनिफॉर्ममधला एक फोटो आहे, तो ते दलाई लामांच्या फोटोच्या खाली पण बाकी सगळ्यांच्या वर लावतात. म्हणून कोणी बिचारे बिचारे करायला लागलं की मला पण राग येतो.

पण तिबेटला जायची तारीख काही आली नाही. १९७१ ची तारीख आली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये, उघड युद्ध सुरू व्हायच्या आधी, सुमारे तीन हजार तिबेटी जवान मिझोराममधल्या देमागिरीकडून चितगावच्या डोंगराळ भागात घुसले. काम काय, तर पूल उडवायचे, चौक्या मारायच्या आणि पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडं पळायची वाट बंद करायची. हातात बाहेरच्या देशांच्या बनावटीच्या रायफली, म्हणजे कोणी सापडला तर भारताचं नाव यायला नको. ५६ जण मेले आणि दोनशेच्या जवळपास जखमी झाले. त्यांचे एक मोठे कमांडर धोंदुप ग्यातोत्सांग तिथंच गेले. मोहीमच गुप्त होती म्हणून शौर्यपदकं नाहीत, पुष्कळांना रोख बक्षीस देऊन विषय संपवला.

मी एकदा काकांना विचारलं की बांगलादेशचं काय आठवतं तुम्हाला. मला वाटलं लढाईचं सांगतील. म्हणाले, "जळवा. बुटात, पायात, इथं कानामागं पण. आमच्या गावाकडं जळवा नव्हत्या." मग एक गिऱ्हाईक आलं आणि ते त्याला साइज दाखवायला लागले.

आता विचार करा, यांच्या मातृभूमीसाठी यांना ट्रेनिंग दिलं आणि ते लढले दुसऱ्यांच्या मातृभूमीसाठी. आणि तिकडं ते दुसरे पण लढतच होते, त्यांना पण आपणच ट्रेनिंग दिलं होतं! हा आपला दुसरा प्रयोग, आणि तो चालला, हे मी मान्य करते, कारण भाऊजी लगेच तेच म्हणाले. २५ मार्च १९७१ ला ढाक्यात कत्तल सुरू झाली, वर्षभरात एक कोटीच्या घरात लोक बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात आले, त्यातल्या तरुणांना सीमेवरच्या शिबिरांत तीनचार आठवडे शिकवून परत आत पाठवलं, मुक्तिबाहिनी. प्लासीजवळ भागीरथी नदीत तर पोहणाऱ्या पोरांना बोटींना सुरुंग लावायला शिकवलं आणि १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला अशा बंदरांत त्यांनी एकाच वेळी जहाजं बुडवली. इशारा काय होता माहितीये, आकाशवाणीवर ठरलेलं गाणं लागलं की निघायचं. वाचताना अंगावर काटा येतो.

पण ते का चाललं ते बघा ना. १७ एप्रिललाच त्यांच्या स्वतःच्या सरकारने शपथ घेतली होती. ते कोलकात्यातून चालत होतं, मान्य, पण त्यांचं होतं. सेनापती कर्नल उस्मानी त्यांचे. गाव सीमेपासून कधी दहा तर कधी पन्नास किलोमीटरवर, आतले लोक जेवायला घालणारे, लपवणारे. आणि मुख्य म्हणजे आपलं आणि त्यांचं म्हणणं तेव्हा एकच होतं. आपल्याला पण हे लोक परत जायला हवे होते, त्यांना पण जायचं होतं, आणि डिसेंबरमध्ये आपलं सैन्य स्वतः आत गेलं. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि बहुतेक निर्वासित पुढच्या काही महिन्यांत घरी. पोरांच्या हातातली हत्यारं परत गोळा करताना नव्या सरकारच्या नाकी नऊ आले ती गोष्ट वेगळी.

तिबेटच्या बाबतीत आपण कधी तरी आत जाणार होतो का हो? हे १९६२ मध्ये त्या पोरांना कोणी विचारू दिलं असेल का?

तिसरा प्रयोग आठवायला कोणालाच आवडत नाही. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांवर हल्ले झाले, हजारो लोक बोटींनी रामेश्वरमकडं आले आणि आपण त्यांच्यातल्या संघटनांना, एक नाही, चारपाच संघटनांना, ट्रेनिंग दिलं. त्यातल्या काहींना त्याच चक्रात्याला नेलं होतं असं बऱ्याच ठिकाणी छापून आलंय. मग या संघटनांनी एकमेकांनाच मारायला सुरुवात केली. १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना तिकडं गेली, आणि आपणच शिकवलेल्या पोरांनी पेरलेल्या सुरुंगांवर आपली पोरं गेली. १९९० मध्ये सेना परत आली तोपर्यंत आपले अकराशेच्या वर जवान मेले होते. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय झालं ते सांगायला नको. आणि जे साधे निर्वासित होते, ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही, त्यांच्याकडं पण सगळे संशयाने बघायला लागले. तमिळनाडूतल्या कॅम्पांत अजून पन्नास हजारांवर लोक आहेत, चाळीस वर्षं झाली. एकाने बंदूक उचलली की त्याचा हिशेब त्याच्या म्हाताऱ्या आईकडं पण मागतात, हे कोणी ट्रेनिंग देताना धरत नाही.

भाऊजींना हे सगळं लिहून पाठवलं तर त्यांचं उत्तर, तिबेट-श्रीलंका सोड, बाहेरच्या देशांत बघ. बरं, बघितलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पोलंडचे परराष्ट्रमंत्री वाश्चिकोव्स्की अगदी भाऊजींसारखंच बोलले होते, की सीरियातून आलेले हे तरुण, यांची फौज बनवू आणि यांनाच यांचा देश सोडवायला पाठवू, आमच्या पोरांनी तिकडं लढायचं आणि यांनी बर्लिनमध्ये कॉफी प्यायची हे कसं चालेल. टाळ्यांचं वाक्य आहे. पण सीरियात पाठवायचं कोणाच्या बाजूने? तिथला तेव्हाचा अध्यक्ष असद, त्याच्या, ज्याच्या भरतीतून पळून यातले निम्मेअधिक आले असतील? की पाचपन्नास टोळ्यांपैकी एखादीच्या? ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आणि हे पोलंडच्या माणसाने बोलावं याचं मला कोल्हापूरमुळे जास्त वाईट वाटलं. कोल्हापूरच्या खासदारांना माहीतच आहे, वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, पाचेक हजार लोक, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. पुरुष कुठं होते? ते जनरल आंदेर्सच्या फौजेत होते. स्टालिनने आधी यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं, मग हिटलर रशियावर उलटल्यावर सोडलं, मग हे इराणमार्गे बाहेर पडले आणि इंग्रजांनी त्यांना हत्यारं आणि ट्रेनिंग दिलं, आपल्या देशासाठी लढा म्हणून. लढले की. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोचा डोंगर त्यांनी घेतला, जिथं आधीचे हल्ले फसले होते. आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन मोठ्या नेत्यांनी बसून ठरवलं की यांची गावं ज्या भागात होती तो पूर्वेकडचा भाग रशियाला. यांच्यापैकी कोणाला त्या खोलीत खुर्ची नव्हती. युद्ध जिंकलेले लोक, आणि घर नाही. वळिवड्यातले किती तरी जण मग पोलंडला गेलेच नाहीत, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, जिथं जागा मिळेल तिथं गेले, आणि रिकाम्या झालेल्या त्या कॅम्पात सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर. म्हणजे गांधीनगरला लग्नाचं कापड घ्यायला जाणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राने या गोष्टीवरून पाय दिलाय.

युक्रेनचं उदाहरण मामेभावाने दिलं ते बसत नाही एवढंच म्हणेन. त्यांचं राज्य जागेवर आहे, सरकार आहे, सैन्य आहे, बाहेर गेलेल्या माणसाला बोलावणारं त्याचं स्वतःचं कोणीतरी आहे. २०२४ मध्ये पोलंडमध्ये त्यांची एक तुकडी उभी करायचं ठरलं ते पण स्वेच्छेने येणाऱ्यांची. आणि तरी सुद्धा बाहेर असलेल्या १८ ते ६० वयाच्या पुरुषांचे पासपोर्ट युक्रेनच्या वकिलातींनी अडवले तेव्हा तिथं पण भांडणं झालीच.

उलट ज्या रोहिंग्यांवरून हे सुरू झालं त्यांचं काय चाललंय बघा. २०२४ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सक्तीची भरती सुरू केली आणि रोहिंग्यांना पण ओढलं, ज्यांना ते देशाचे नागरिकच मानत नाही त्यांना. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या कॅम्पांतून पण सशस्त्र टोळ्यांनी पोरं उचलली, काही पैसे देऊन, काही मारून मुटकून, आणि सीमेपलीकडं आराकान आर्मीशी, म्हणजे म्यानमारच्या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या बंडखोर फौजेशी, लढायला पाठवली. २०१७ मध्ये ज्या लष्कराने यांची गावं जाळली त्याच लष्कराच्या बाजूने. भाऊजी, तुम्ही म्हणता ते तिकडं झालंय बरं का. ट्रेनिंग पण दिलं, बंदूक पण दिली.

असो. ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही, एका मावशीने गुड नाइटचं फूल टाकलं. म्हणून तुम्हाला लिहितेय.

माझं म्हणणं असं नाही की निर्वासिताने कधी शस्त्र हातात घेऊच नये. असं म्हणणारी मी कोण? पण ट्रेनिंग देणारा देश कधीच फुकट देत नाही, त्याचं स्वतःचं काम असतं, आणि ते काम बदललं की शिकवलेला माणूस बदललेल्या कामाला जुंपला जातो, कारण त्याच्याकडं दुसरा पर्याय काय, त्याचं रेशन, त्याची शाळा, त्याच्या आईबापाची झोपडी सगळं त्याच देशाच्या मर्जीवर. तो स्वेच्छेने आला म्हणता, पण नाही म्हणायला त्याला कुठं जायचंय? म्हणून बंदूक द्यायची की नाही हे विचारायच्या आधी मला वाटतं दुसरं विचारलं पाहिजे, की परत जायची तारीख कोण ठरवणार, आणि ती तारीख आलीच नाही तर या माणसाचं आपण काय लागतो.

आपण काकांचे काय लागतो? सांगा ना. ज्या वसाहतीतून माणसं आपल्या सैन्याच्या खांद्याला खांदा लावून लढली तिथं आजही लोक रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट घेऊन फिरतात, परकीय नागरिक म्हणून, आणि त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. निर्वासितांचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आपण केलेला नाही, आपला स्वतःचा निर्वासित कायदा नाही, आणि २०१९ मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला त्यात तीन देश घेतले, तिबेट त्यात नाही. इथं जन्मलेल्या काहींना नागरिकत्व मिळालं ते कोर्टात जाऊन. काही तिबेटींना ते नकोच असतं हे पण खरं, त्यांना वाटतं भारतीय झालो की परत जायचा हक्क सुटेल. पण नको म्हणणं वेगळं आणि मिळतच नसणं वेगळं.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी लडाखमध्ये पँगाँगच्या दक्षिणेला याच फोर्सचे कंपनी लीडर न्यिमा तेन्झिन सुरुंगाच्या स्फोटात गेले. सुरुंग १९६२ च्या युद्धातला, तेव्हाचा पडून राहिलेला. मला हे वाचून कसंतरी झालं, ज्या युद्धामुळे ही फौज जन्माला आली त्याच युद्धाच्या उरलेल्या सुरुंगाने अठ्ठावन्न वर्षांनी माणूस घेतला. लेहला अंत्ययात्रा निघाली तेव्हा अंगावर तिरंगा पण होता आणि तिबेटचा झेंडा पण. भाजपचे राम माधव गेले होते, त्यांनी ट्विट केलं, आणि नंतर ते काढून टाकलं. चीनशी बोलणी चालू होती, समजू शकते. पण तेवढ्यात आमच्या कॅम्पातल्या लोकांनी त्या अंत्ययात्रेचा फोटो किती वेळा मोठा करून बघितला असेल याचा अंदाज आहे का तुम्हाला.

तर तुमच्याकडून हवंय ते साधं आहे. १९७१ च्या त्या मोहिमेला पन्नास वर्षं होऊन गेली, बांगलादेशला माहीत आहे, पाकिस्तानला माहीत आहे, आता गुपित कोणापासून? गेलेल्यांची नावं सरकारने स्वतः जाहीर करावीत, तिबेटी नावांसकट, हे संसदेत कोणीतरी विचारा. जे या फोर्समध्ये राहून आले त्यांना आणि त्यांच्या मुलांना, हवं असेल तर, कोर्टाची पायरी न चढता नागरिकत्व मिळावं, आणि नको असेल त्यांची मुदत वाढवायची कटकट तरी बंद करा. आणि पुढं कधी तुमच्यापैकी कोणाला कुठल्या स्टेजवरून निर्वासितांना ट्रेनिंग देऊन पाठवा म्हणायची हौस आली, रोहिंग्या असोत, अफगाण असोत, म्यानमारहून मिझोराममध्ये आलेले चिन असोत, तर कोणाच्या हुकमाखाली आणि कधीपर्यंत हे त्याच भाषणात सांगा. अठराच्या आतल्या पोराचं नाव तर काढूच नका.

गोंदिया-भंडाऱ्याच्या आणि गडचिरोलीच्या खासदारांना एक वेगळी विनंती, प्रतापगडला महाशिवरात्रीच्या यात्रेला तुम्ही येताच, गाडी पंधरा मिनिटं गोठणगावकडं वळवा. भाषण नको, हार नको. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, ते लोण्याचा खारट चहा देतील, तो संपवा, पहिल्यांदा कठीण जातो.

आणि उत्तर दिलंत तर दिल्लीच्या इंग्रजीत नको, मराठीत द्या. काका मराठी वाचतात, केशोरीच्या बाजारात पाट्या वाचून वाचून शिकले. थंडीत ते नागपूरला येतील तेव्हा मी पत्र त्यांच्या हातात देईन.

तुमची,
अर्जुनी मोरगावची एक मतदार, सध्या मुक्काम नागपूर